आमची रत्नागिरीची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला सहलीबद्दल चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला नाव घेताना माझा घसा कोरडा पडतो. मला कशाला उभे करता?" त्यावर त्या म्हणाल्या, "सहल नको म्हणणाऱ्यांत तुम्ही पहिल्या होतात, म्हणून तुम्हीच बोला." यावर मला उत्तर सुचले नाही. तेव्हा काही चुकलेमाकले तर पदरात घ्या.

मी नको म्हटले होते हे खरे आहे. दिवाळीचा फराळ आणि उन्हाळ्यातल्या कुरडया-पापड विकून मंडळाच्या डब्यात थोडे पैसे शिल्लक पडले होते. त्यातून प्रत्येकीला अर्धी मदत द्यावी, अर्धे तिने घालावेत आणि सगळ्यांनी मिळून रत्नागिरीला समुद्र पाहून यावे, असा ठराव आला. मी उठून म्हणाले, "पुरात ज्यांची भांडीकुंडी गेली, त्यांना ते पैसे द्या. नाहीतर देवाला काही करा. समुद्र पाहून काय पदरात पडणार?" माझे बोलणे काहींना पटलेही. पण ठराव पास झाला, आणि शेजारणींच्या आग्रहाखातर मीही नाव घातले.

घरी सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाडीला लोक शंभर कोसांवरनं येतात. आणि तुला वाडी सोडून कुठं जायचंय?" त्यांचे काही चुकले नाही. आपला जन्मच मुळी आल्यागेल्या यात्रेकरूंत गेला. कुणाला उतरावयास जागा दे, कुणाच्या नैवेद्याचा स्वयंपाक कर, कुणाला पेढे-बासुंदीचे दुकान दाखव. दर पौर्णिमेला, दत्तजयंतीला, कन्यागतात आपण दुसऱ्यांची सहल पाहतो. घाटाच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलेल्या परगावच्या बायका पाहिल्या की आपण म्हणतो, "काय बाई नशीब!" पण तोच घाट, त्याच पायऱ्या आपल्या दारात आहेत. आपण तिथे धुण्याच्या बादलीशिवाय किंवा पूजेच्या तबकाशिवाय कधी गेलो आहोत का?

आता मनातले खरे कारण सांगते. मला पाण्याची भीती बसली होती. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर नांदणाऱ्या बाईने हे सांगावे याचे हसू येईल, पण आहे ते आहे. श्रावणात पाणी चढते, महाराजांच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वाराचे स्नान करण्यासाठी आपण हात जोडून उभ्या राहतो. तेच पाणी पुढे आपल्या उंबऱ्याच्या आत आले की आपल्या तोंडचे पाणी पळते. २००५ साली पाणी आमच्या जोत्यापाशी येऊन परतले होते. त्या हिशेबाने २०१९ च्या ऑगस्टात आम्ही सामान माळ्यावर टाकले आणि जयसिंगपूरला पाहुण्यांकडे गेलो. परत येऊन पाहतो तो माळ्यावरही चिखल. माझ्या लग्नातली ट्रंक उघडली, तर शालूची घडी हातात गाळासारखी आली. पुढे २०२१ साली पुन्हा पाणी आले. तेव्हापासून रात्री पाऊस लागला की मी उठून दिवा लावते आणि दारापर्यंत जाऊन येते. अशा बाईने आपण होऊन समुद्रावर का जावे, असे मला वाटत होते.

असो. पौष शुद्ध अष्टमीला पहाटे चार वाजता आमची एस.टी. निघाली. आम्ही एकतीस जणी होतो. सर्वांत थोरल्या म्हणजे आमच्या गल्लीतल्या आक्का, वय अठ्ठ्याहत्तर. ऐन तिशीत त्यांच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले. त्यांनी गाणगापूर, अक्कलकोट, औदुंबर, पंढरपूर सारे केले आहे. पण देवाचे निमित्त नसताना त्या कधी गावाबाहेर पडल्या नव्हत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारले, "रत्नागिरीला देव कंचा?" कुणीतरी म्हणाले, "आज देव नाही आक्का, आज नुसता समुद्र. देव उद्या." त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरं. असू दे."

कोल्हापूर सोडून मलकापूर, आणि तेथून आंबा घाट. घाट उतरताना धुके होते, आणि बायकांनी गाणी बंद करून देवाचे नाव घेतले. खाली साखरप्याला काजळी नदी लागते. ही नदी पुढे रत्नागिरीला भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. मला त्याचे नवल वाटले. आपली कृष्णा महाबळेश्वरी उगवते. तेथून समुद्र किती जवळ. तरी ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. आपल्या वाडीवरून, कर्नाटकातून, तेलंगणातून सारा देश ओलांडून आंध्रात हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. वाटले, हिचेही आपल्यासारखेच आहे. जवळचे सोडून, सगळ्यांची शेते भिजवून, मग शेवटी सागर.

साडेदहाच्या सुमारास रत्नागिरीला पोचलो. चहा घेऊन प्रथम लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान पाहिले. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म झाला, ते हे घर. कौलारू छप्पर, लाकडी खांब, अंगण, अशी साधी कोकणी बांधणी. मोठ्या माणसांचे वाडे मोठे असतात, असा आपला समज असतो. तो येथे गळून पडतो.

तेथून पतितपावन मंदिरात गेलो. हे लक्ष्मीनारायणाचे मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने ते बांधले, आणि त्यामागे स्वातंत्र्यवीर सावरकरांची प्रेरणा होती. सावरकरांना इंग्रजांनी १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवले होते. त्या काळात त्यांनी येथे सर्व जातींची सहभोजने केली, आणि आपल्याला ऐकण्यासारखी गोष्ट म्हणजे सर्व जातींच्या बायकांचे एकत्र हळदीकुंकू केले. आपले मंडळ दरवर्षी संक्रांतीला हळदीकुंकू करते. ते एके काळी मोठे धाडस होते, हे मला तेथे कळले. मी आक्कांकडे पाहिले. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या मागच्या खोलीत तिळगूळ मोजत बसतात, बाहेर येत नाहीत, आणि आपणही बोलावत नाही. याबद्दल शेवटी एक सूचना करणार आहे.

जेवण होऊन आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. ऊन डोक्यावर होते. मी मन घट्ट करून गाडीतून उतरले आणि पाहते तो पाणी लांब गेलेले! मोठी काळसर वाळू उघडी पडली होती आणि होड्या एका कुशीवर कलून विसावल्या होत्या. तेथे सावलीला एक म्हातारी मासेवाली पाटी घेऊन बसली होती. मी तिला विचारले, "आजी, पाणी कुठे गेले?" ती हसली. म्हणाली, "येल तिनीसांजंला. आज तिथ कंची?" मी म्हटले, "अष्टमी." तिने बोटावर मोजले आणि सांगितले, "मंग सा वाजता पुरी भरती."

तिचा हिशेब मी नीट विचारून घेतला, तो तुम्हालाही सांगते; कारण तिथी आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावयाची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पुरी ओहोटी, आणि दिवसातून हे दोनदा. वेळ मिनिटामिनिटाला जुळणार नाही, पण ढोबळमानाने चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती ओढ आडवी पडते, म्हणून भरती बेताची असते. तिला भांग म्हणतात. आम्ही नेमक्या भांगाच्या दिवशी गेलो होतो.

भगिनींनो, या एका हिशेबाने माझे मन निम्मे हलके झाले. आमच्या नदीचे पाणी किती चढेल आणि घरातून कधी निघेल, हे वाट पाहणाऱ्याला काही कळत नाही. आणि हा एवढा मोठा समुद्र, पण वेळेवर येतो अन् वेळेवर जातो. घड्याळ न पाहता बोटांवर मोजणाऱ्या म्हातारीला तो माहीत आहे.

दुपारी थिबा राजाचा राजवाडा पाहिला. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तेथे पाहिलेले अजून मनातून जात नाही. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेला त्याचे राज्य घेतले. तेथे ठेवला तर लोक उठाव करतील, म्हणून त्याला राण्यामुलींसह आधी मद्रासला आणि तेथून १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा बादशहाला याच इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवले होते. येथला राजा तिकडे, तिकडचा राजा इकडे! राजा थिबाला सुरुवातीला साध्या बंगल्यात ठेवले. हा मोठा वाडा तयार होऊन १९१० साली तो येथे राहावयास आला आणि १९१६ च्या डिसेंबरात रत्नागिरीतच वारला. म्हणजे तीस वर्षे झाली. त्याची समाधीही याच गावात आहे.

वाडा तीन मजली, तांबड्या रंगाचा, उतरत्या छपरांचा. लाकडावर नक्षीकाम केलेले. खाली दिवाणखाना, मागे बुद्धाची मूर्ती, आणि काही दालनांत आता पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. उंच टेकाडावर असल्यामुळे तेथून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. आम्ही साऱ्या जणी तेथे उभ्या राहून "काय देखावा!" म्हणत होतो. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "त्याला ह्यातलं काय गोड लागलं असंल? फाटकाला पहारा आसंल नव्हं?"

आम्ही गप्प झालो. खरेच, त्या राजाला काही काम नव्हते. नोकरचाकर होते, समोर समुद्र होता. आपण म्हणतो तसा आराम तीस वर्षे होता. पण गावाच्या बाहेर पडावयाची त्याला मोकळीक नव्हती. १९१९ साली राणी आणि मुली ब्रह्मदेशात परत गेल्या. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीत परतली आणि १९४७ साली येथेच गरिबीत वारली. तिच्या मुलीचा बहुतेक जन्म मराठी मुलखात गेला. शेणी थापून आणि कागदी फुले विकून तिने संसार केला, असे सांगतात. एका राजाची नात, आणि तिचे हात शेणात! ते ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला.

साडेपाचला आम्ही भाट्याला गेलो. खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूच्या झाडांची लांब रांग आणि तिच्यापुढे वाळू. माणसे काय करीत होती म्हणाल तर काही नाही. मुले वाळूत किल्ले करीत होती, दोन म्हातारे बुवा चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालत होते, आणि एक नवीन लग्न झालेले जोडपे भेळ खात होते.

तेथे बसून मला माझ्या भाच्याची आठवण झाली. तो नोकरीनिमित्त स्पेन देशात आहे. तिकडच्या सान सेबास्तियान नावाच्या समुद्रकाठच्या गावाची चित्रे त्याने फोनवर पाठविली होती. तिथला किनारा अगदी शिंपल्यासारखा गोल आहे, म्हणून त्याचे नावच 'ला कोंचा', म्हणजे शिंपला. एका बाजूच्या डोंगरावर दोराने ओढली जाणारी छोटी आगगाडी चढते. ती १९१२ सालची. संध्याकाळी सगळे गाव, म्हाताऱ्या बायकासुद्धा, चांगले कपडे करून समुद्राच्या कडेने नुसते चालत असते. या फेरफटक्याला त्यांच्याकडे 'पासेओ' असा वेगळा शब्दच आहे. आणि त्या गावाची मोठी गंमत अशी की, तेथे समुद्राकाठी एका राणीचा वाडा आहे.

ही राणी मारिया क्रिस्तिना. तिचा नवरा, स्पेनचा राजा, १८८५ च्या नोव्हेंबरातच वारला. म्हणजे ज्या महिन्यात थिबाचे राज्य गेले त्याच महिन्यात. राणी तरुण विधवा झाली, पोटात मूल, आणि राज्याचा कारभार अंगावर पडला. १८८७ पासून ती दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन सान सेबास्तियानला समुद्रावर राहावयास येऊ लागली. १८९३ साली तिने तेथे वाडा बांधला, त्याचे नाव मिरामार. भाच्याने अर्थ सांगितला, "मावशी, समुद्र पाहा, असा त्याचा अर्थ." ती येऊ लागली म्हणून देशातले इतर लोकही येऊ लागले, आणि ते गाव नावारूपाला आले.

ही हकीकत मी वाळूत बसून सगळ्यांना सांगितली. थिबा समुद्रावर आला १८८६ साली, ही राणी आली १८८७ साली. दोघांचेही सर्वस्व एकाच महिन्यात गेलेले. दोघांच्याही वाड्यापुढे समुद्र. पण तिला तो विसावा झाला आणि त्याला तो तुरुंग झाला. ती उन्हाळा सरला की आपल्या कामाला परत जात होती, पुढल्या वर्षी पुन्हा येत होती. त्याला परत जाता येत नव्हते. म्हणजे विसावा हा रिकामे बसण्यात नाही, समुद्रातही नाही. आपल्या मनाने जावे आणि आपल्या मनाने परतावे, यात तो आहे.

आक्का सगळे ऐकून म्हणाल्या, "ती राणी मागल्या खोलीत बसली न्हाई म्हणायची." एवढे बोलून त्या उठल्या. लुगड्याचा काठ वर खोचला, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, मला एकटीला भ्या वाटतंय." भय कुणाला वाटत होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. आम्ही दोघी घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिलो. सहा वाजावयास आले होते. सूर्य टेकला होता, डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र होता, आणि म्हातारीने सांगितल्याप्रमाणे पाणी भरले होते. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, माझ्या छातीत धस्स झाले. मी डोळे मिटून घेतले. लाट परत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. दहा-बारा लाटा झाल्यावर मी डोळे उघडले. आम्ही किती वेळ उभ्या होतो ते मला सांगता येणार नाही. सकाळचा स्वयंपाक, दुधाचा हिशेब, शालूची ट्रंक, यांपैकी काहीही तेवढ्या वेळात आठवले नाही. लग्नानंतर असा वेळ मला पहिल्यांदाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नदुर्ग पाहिला. तीन बाजूंना समुद्र, किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा, आत भगवतीचे देऊळ. आक्कांना अखेर देव भेटला! वरून एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र दिसतो. पाणी दोन्हीकडे एकच. वाळू निराळी, म्हणून नावे निराळी. नंतर मत्स्यालय पाहिले. रंगीत मासे, कासवे, आणि देवमाशाचा अख्खा सांगाडा. त्याच्या फासळ्या पाहून आमच्यातली एक म्हणाली, "बाई, हे तर आमच्या घराच्या आढ्यासारखे आहे."

दुपारी आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेलो. हा रस्ता चुकवू नका. एका बाजूला डोंगर आणि खाली निळे पाणी. गणपतीपुळ्याचा देव पश्चिमेकडे तोंड करून आहे. आपल्याकडे दक्षिणद्वार, तेथे पश्चिमद्वार! डोंगरच गणपतीचे रूप मानला जातो, म्हणून प्रदक्षिणा देवळाला न घालता सगळ्या डोंगराला घालतात. एक गोष्ट कळकळीने सांगते. तेथला समुद्र दिसावयास शांत, पण पाण्याला आतून फार ओढ आहे आणि तळ एकदम खोल होतो. तेथे आजवर पुष्कळ माणसे बुडाली आहेत. पाय भिजवावेत आणि माघारी यावे. जीवरक्षक शिट्टी वाजवतात ती आपल्यासाठीच असते. मुले बरोबर असली तर हात सोडू नये. भीती गेली म्हणजे सावधपणाही गेला, असे होऊ नये.

येताना कोकम, आंबापोळी, फणसपोळी घेतली. झाडांवर हापूसचा मोहोर नुकताच धरला होता, त्याचा वास गाडीत घाटापर्यंत पुरला. रात्री बाराला वाडी आली. दार ह्यांनी उघडले. सासूबाई जाग्या होत्या. ह्यांनी दोन दिवस भात आणि पिठले केले होते. पिठल्यात गुठळ्या फार, पण कुणी उपाशी राहिले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "काय आणलंस समुद्रावरनं?" मी आंबापोळी पुढे केली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या, "पुढल्या खेपेला माझं नाव घाल."

सहलीचा डबा वेगळा काढावा, अशी माझी पहिली सूचना आहे. रोज एक रुपया टाकला तर वर्षाला ३६५ होतात. जिला तेवढे जमणार नाही, तिच्या वाटणीचे मंडळाने घालावेत. पूरग्रस्तांची मदत त्यात मिसळू नये. ती आपण करतोच, आणि केलीच पाहिजे. पण मदत करणाऱ्या हातांनाही कधी ओल्या वाळूत मोकळे ठेवावे लागते, हे मी तेव्हा समजून घेतले नव्हते. माझे त्या दिवशीचे बोलणे मी आज परत घेते.

दुसरे असे की, ज्या बाईने अजून समुद्र पाहिलेला नाही, तिचे नाव यादीत पहिले लिहावे. आणि जाण्याचा दिवस अष्टमीच्या आसपास धरावा. कारण आता तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरी सूचना मघाशी राखून ठेवली होती. यंदाच्या संक्रांतीला आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आक्का आणि त्यांच्यासारख्या ज्या भगिनी आहेत, त्यांनी मागच्या खोलीत बसू नये. त्यांना पुढे बसवावे, आणि हळदकुंकवाचे पहिले बोट त्यांनाच लावावे. हे सर्वांना एकदम पटणार नाही, मला ठाऊक आहे. आमच्या घरीही यावरून बोलणे झाले. पण रत्नागिरीच्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी याहून मोठी गोष्ट केली आहे.

त्या राजाच्या फाटकाला इंग्रजांचा पहारा होता. आपल्या दाराला कुणाचा पहारा आहे? काही घरांत असेल, नाही असे नाही. पण पुष्कळ घरांत कडी आतूनच लागलेली असते, आणि आपण ती काढून पाहिलेली नसते. मी यंदा पाहिली. ती निघते.